न धुतलेल्या तोंडाने

ती पाटी मीच लिहिली होती, हे आधी सांगून टाकते.

पेणमधल्या एका दातांच्या दवाखान्यात, दारातून आत आल्यावर डाव्या हाताला पांढरा फळा होता. त्यावर निळ्या मार्करने चार ओळी होत्या. चप्पल बाहेर काढा. हात साबणाने धुवा. तांबूस औषधाने एक मिनिट गुळण्या करा. मग नळीत थुंकी द्या. अक्षर माझं. गावच्या शाळेत गुरुजींनी पाटीवर घोटून घेतलेलं, त्यामुळे वळणदार. पेशंट थांबून विचारायचे, "कुणाचं हो अक्षर?" आणि मी ग्लोव्हज चढवता चढवता मनातल्या मनात खूश व्हायची.

त्यातल्या शेवटच्या दोन ओळींचा क्रम उलटा होता. हे ध्यानात यायला तीन आठवड्यांहून जास्त काळ गेला. आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही, दुसऱ्याने आणून दिलं.

मी निडी स्टेशनपासून आत, पायी तासाभराच्या गावातली. आमच्याकडे पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. घरात माझ्याआधी कुणी दहावीपलीकडे गेलेलं नव्हतं. आई चौथी शिकलेली. रोह्याच्या शाळेत मी रोज येऊनजाऊन शिकले आणि दंतवैद्यकाला नंबर लागला, तेव्हा ते नक्की कसलं शिक्षण हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. "दातांचा वेगळा डॉक्टर असतो?" आजीने विचारलं होतं. पण निघायच्या दिवशी गावातल्या बायका एकेक करून आल्या. कुणी पोहे, कुणी सुकवलेले वाल, एकीने स्वतःची नवी गोधडी. ती गोधडी हॉस्टेलमध्ये पाच वर्षं माझ्या अंगावर होती. हे सगळं मी विसरलेले नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

सरांचंही तसंच. पेणमध्ये मला कुणी ओळखत नसताना त्यांनी मला त्यांच्या दवाखान्यातली दुसरी खुर्ची दिली. त्यांच्या घरात आजोबांपासून वकील, शिक्षक, डॉक्टर. त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं. तरी त्यांनी मला जवळ उभं करून शिकवलं. अक्कलदाढ काढताना मनगट कसं ठेवायचं, पेशंट घाबरला असेल तर हत्यार त्याच्या नजरेला न पडता कसं आणायचं, सगळं. हत्यारांच्या पुड्या पेशंटसमोरच फोडायच्या, हा नियमही त्यांचाच. "त्याला दिसलं पाहिजे, की हे त्याच्यासाठी नवं उघडलंय," ते म्हणायचे. मी आजही तेच करते.

एक गोष्ट मात्र मला टोचायची. खेड्यातली एखादी म्हातारी खुर्चीत बसून तोंड उघडायची. दात मिशरीने काळे. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती पूड आमच्याकडच्या बायका सकाळ-संध्याकाळ दातांना घासतात. माझी आईही घासते. सरांचे मास्कवरचे डोळे किंचित बारीक व्हायचे आणि ते मान माझ्याकडे वळवून म्हणायचे, "यांच्याकडून आधी गुळण्या करून घे." एवढंच. आवाज चढवलेला नाही, अपमान नाही. पण त्या बाईला बेसिनपाशी नेताना माझीच मान खाली जायची.

मग ती साथ आली. पहिली लाट ओसरल्यावर दवाखाने हळूहळू उघडायला लागले, तेव्हा सगळ्यात जास्त भीती आमच्याच धंद्यात होती. बाकीचे डॉक्टर पेशंटला मास्क लावून तपासू शकतात. आमचं काम मास्क काढल्यावरच सुरू होतं. दात कोरायचं मशीन सुरू केलं की पाण्याचा फवारा उडतो, त्यात थुंकी मिसळते, आणि तो बारीक धुरळा खोलीत बराच वेळ तरंगत राहतो. सरांनी त्या काळात फार चांगलं काम केलं, हे मी कुणापुढेही म्हणेन. खिडक्यांना मोठे पंखे बसवले, दोन पेशंटांच्या मध्ये खोली रिकामी ठेवली. आणि लाळेची तपासणी सुरू केली.

नाकातल्या काडीला लोक घाबरत होते. "मेंदूपर्यंत घालतात," असं बाजारात चाललं होतं. सरांनी एका शहरातल्या लॅबशी बोलून ठरवलं, की पेशंटने नळीत थुंकी द्यायची, लॅबचा माणूस मोटरसायकलवर घेऊन जाईल, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येईल, निगेटिव्ह असेल तरच मशीन लावायचं. त्या वेळी आमच्या भागात असं करणारा दुसरा दवाखाना मला तरी माहीत नव्हता. मला अभिमान वाटला. मी फळा लिहिला.

आणि रिपोर्ट येत राहिले. सगळे निगेटिव्ह. सर फोनवर लोकांना सांगायचे, "आपल्याकडे अजून एकही पॉझिटिव्ह नाही. बिनधास्त या."

त्याच दिवसांत मी सरांपाशी एक इच्छा बोलून दाखवली. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना दात नाहीत. वाल शिजवून, कुसकरून खातात. त्यांना कवळ्या करून देता येतील का? सर लगेच म्हणाले, "करू या. तुझ्या गावासाठी करू या." रोह्यात एक हॉल ठरला, सरांचे दोन मित्र यायचे ठरले. एकोणीस जणांची यादी मीच केली. खराब दात काढायचे आणि कवळीसाठी मापं घ्यायची. सगळ्यांना एका टेंपोने गावातून रोह्याला आणायचं. त्याआधी दोन दिवस मी गावात जाऊन त्यांच्या थुंकीचे नमुने घ्यायचे. यादीत पाचव्या नंबरवर माझी आई होती.

दवाखान्यात हत्यारं धुवायला, पुड्या बांधायला एक काकू होत्या. हमरापूरच्या. त्यांच्या घरी गणपती बनतात. त्या वर्षी मूर्तींची मागणी पडली म्हणून त्या कामाला लागल्या होत्या. हात विलक्षण हलका. माझ्यापेक्षा कितीतरी वयाने मोठ्या, तरी मला ताई म्हणायच्या. एका दुपारी निर्जंतुक करायचं मशीन थंड व्हायची वाट बघत त्या स्टुलावर बसल्या होत्या. फळ्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, एक विचारू? हसायचं नाय."

"विचारा ना."

"आमच्याकडं गणपती साच्यातून निघला का आदी उन्हात धरून बघतात. चीर हाय का नाय. मंग त्याला पांढऱ्या रंगाचा हात मारतात."

"बरं."

"पांढरा मारल्यावर चीर दिसत नाय. सगळे गणपती सारखेच दिसतात, चांगले." त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "तुमी पांढरा मारून मंग चीर बघताव."

मी म्हणाले, "काकू, ही डॉक्टरी आहे. तिथला हिशोब इथे नाही चालत."

हे वाक्य मी बोलले. ते खोडायची सोय असती तर खोडलं असतं.

काकू "बरं" म्हणाल्या आणि उठून मशीन उघडायला गेल्या. मी मात्र नळ्यांचा खोका खाली काढला. आत लॅबचा कागद होता, बारीक इंग्रजी अक्षरात. नमुना देण्याआधी अर्धा तास खाणं नको, पिणं नको, तंबाखू नको, माउथवॉश नको. हा कागद पहिल्या दिवशी मीच सरांना वाचून दाखवला होता. शेवटच्या शब्दापाशी आम्ही दोघेही थांबलो नव्हतो. आम्हाला वाटलं, ते तोंडाला चांगला वास यावा म्हणून वापरतात ते रंगीत पाणी असेल. आमचं तर औषध. जंतू मारणारं.

तोच तर घोळ होता. जंतू मारणाऱ्या औषधाने तोंड धुवायचं आणि मग थुंकीत जंतू शोधायचे. पाच वर्षं शिकलेल्या माझ्यासारखीला हे कळू नये? मी त्या खोक्यापाशी उभी राहून खूप विचार केला आणि खरं कारण सापडलं, ते मला आवडलं नाही. आमच्या गावात न धुतलेल्या तोंडाने कुणाच्या दारात उभं राहत नाहीत. देवळात नाही, शाळेत नाही, डॉक्टरकडे तर नाहीच. आणि त्याच्यावर सरांचे ते बारीक होणारे डोळे. फळा लिहिताना गुळण्यांची ओळ आपोआप वर गेली, कारण आमच्या माणसांची तोंडं सरांसमोर न धुता उघडायची मला लाज वाटत होती. क्रम माझ्या लाजेने ठरवला होता.

मी काकूंना जाऊन सांगितलं, "तुमचं बरोबर होतं."

"मी म्हटलं ना हसू नका म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमी हसला नाय, वरडलाव."

सर संध्याकाळचा शेवटचा पेशंट आटोपून हात धूत होते. मी कागद घेऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"म्हणजे आपण इतके दिवस लोकांना खोटं सांगतोय?"

"खोटंच होतं असं नाही सर. खरं काय ते आपल्याला माहीत नाही."

"मग हे आत्ता बोलून काय होणार आहे? कॅम्प होऊन जाऊ दे. फळ्याचं मग बघू."

"कॅम्पचेच नमुने परवा घ्यायचेत."

"घे की. पण गुळण्या न करता त्या बायकांची तोंडं..." ते थांबले.

उरलेलं वाक्य मला ऐकू आलं. मी म्हणाले, "त्यांच्यात माझी आई आहे, सर."

"मी तसं म्हटलं नाही."

"हो सर."

ते खुर्चीत बसले. आवाज मऊ केला. "हे बघ, दोन माणसं बोलावलीत, हॉल घेतलाय. आणि उद्या बाहेर गेलं की यांचे आधीचे सगळे रिपोर्ट फुकट होते, तर इथे कोण येईल? तुला इथे आणलं कुणी?"

"तुम्ही."

"मग जरा माझं ऐक."

"ऐकतेच आहे सर. एक्स-रे बघितल्याशिवाय दाताला हात लावायचा नाही, हे तुमच्याकडूनच ऐकलंय. गुळणी करून घेतलेला नमुना म्हणजे न बघितलेला एक्स-रे आहे."

मी नळ्यांचा खोका पिशवीत घातला आणि मिनीडोर रिक्षा पकडायला नाक्यावर आले. ज्यांच्यामुळे आपण उभे आहोत त्यांच्यासमोर नाही म्हणणं किती जड असतं, ते ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर आहेत त्यांना कदाचित सांगूनही कळणार नाही. पण उपकार म्हणजे गप्प बसायचा करार, असं मला कुणी शिकवलेलं नाही. ना सरांनी, ना गोधडी देणाऱ्या बाईने.

नमुन्यांच्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात एकोणीस जण जमले. मी आदल्या दिवशी घरोघर निरोप दिला होता, की सकाळी तोंडात काही घालू नका, गुळण्याही नकोत, आहे तसे या. आले सगळे चकाचक. बायकांनी चांगली लुगडी नेसलेली, केसांना तेल. आणि प्रत्येकीने तोंड धुतलेलं. एका आजीने तर मिशरी दोनदा लावली होती.

"दोनदा कशाला आजी?"

"डॉक्टरकडं यायचं तर मंग?"

"मी निरोप दिला होता ना, नको म्हणून."

"तू म्हनशील गो. तू घरची हायस. त्या नळीत बघनारा कोन हाय, त्याला काय वाटंल?"

मी सगळ्यांना हातभर अंतर सोडून बसवलं आणि शाळेच्या घड्याळाकडे बोट केलं. आता अर्धा तास कुणी काहीही तोंडात घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या एका आजोबांचा हात कमरेकडे गेला, तशी मी त्यांची तंबाखूची डबी काढून टेबलावर ठेवली.

"दे इकडं."

"अर्ध्या तासाने."

"तुझ्या आज्याच्या तेराव्याला पण मी येवढा वेळ बिनतंबाखूचा बसलो नवतो. नि तो तर माझा दोस्त व्हता."

बायका पदराआड हसल्या. अर्धा तास झाला आणि नवीच अडचण आली. थुंकीच येईना. तोंडं कोरडी पडलेली, त्यात लाज. दोनदा मिशरी लावलेली आजी म्हणाली, "पोरी, तुझ्यासमोर थुकायचं? तुला लाज वाटत नाय?"

"मला नाही वाटत."

"मला वाटते ना!"

मग सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. तरी नळ्या रिकाम्याच. शेवटी आजोबाच ओरडले, "अगो, कैरीचं नाव घ्या! मीठ-मिरची लावल्याली कैरी!" आणि खरंच, पाच मिनिटांत एकेक नळी भरून आली. कोणत्याही पुस्तकात मला हा उपाय सापडलेला नाही. मी आजही वापरते.

आई सगळ्यात शेवटी बसली होती. नळी हातात घेऊन माझ्याकडे न बघता म्हणाली, "काळी येल ती."

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर रिपोर्ट आले. सतरा निगेटिव्ह, दोन पॉझिटिव्ह. एक तंबाखूच्या डबीचे आजोबा. दुसरी माझी आई.

दोघांनाही साधी शिंक नव्हती. सरांकडेही तेच रिपोर्ट गेले होते. त्यांचा फोन पाच मिनिटांत आला.

"बघितलेस?"

"हो सर."

"त्या दोघांचे परत घे. आत्ता. या वेळी गुळण्या करून घे."

मी फोन घेऊन अंगणात आले.

"ऐकतेस ना? त्यांना काही होत नाहीये. अगं, तुझी आई आहे. तिचा तरी परत घेशील ना? तिची कवळी राहील."

मला कबूल करायला हवं, त्या क्षणी मी डळमळले. एक मिनिटाची गुळणी. तांबूस औषधाची बाटली माझ्या पिशवीतच होती. आई टेंपोत बसली असती, तिला दात मिळाले असते, सर खूश, गाव खूश. कुणालाही कधीच कळलं नसतं. मी अंगणात उभी होते आणि आई आत वाल निवडत बसली होती. सुपाचा आवाज येत होता.

"नाही सर," मी म्हणाले. "परत घेणार नाही. आणि हे सगळे काल एका व्हरांड्यात बसले होते, एका टेंपोत बसणार आहेत. कॅम्प पुढे ढकलू या."

"कॅम्प तुझ्याशिवायही होईल."

"टेंपो आमच्या गावातून निघणार आहे, सर. मी कुणालाच बसू देणार नाही."

ते म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून तू यायची गरज नाही."

त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. तो मला जास्त लागला.

गावात मात्र चिडलेले आवाज भरपूर होते. आजोबांची सून दारात येऊन उभी राहिली. "आमच्या म्हाताऱ्याला कायपन झालेलं नाय. तुझ्या नळीनं त्याला आजारी केलान." शेजारची म्हणाली, "शिकून आली नि आईलाच बाटवलीन." ज्यांच्या कवळ्यांची मापं दुसऱ्या दिवशी घ्यायची होती त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. ज्या बाईने गोधडी दिली होती, तिने मला बघून दार लोटून घेतलं. मी दारोदार फिरून मास्क वाटले. काहींनी ते माझ्यासमोर कोनाड्यात टाकले. मी दुसऱ्या दिवशी परत गेले. परत टाकले, परत गेले.

आई मागच्या खोलीत एकटी राहायला लागली. मी ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि अंगणात बसून तिच्याशी बोलायची. पहिल्या दिवशी ती बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी आतून आवाज आला.

"माझंच तोंड खराब निघालं, व्हय?"

"तसं नाही आई."

"मिशरी लावते म्हनून?"

"मिशरीचा याच्याशी काही संबंध नाही. मिशरी वाईटच आहे, ते मी तुला हजारदा सांगितलंय. पण हे ते नाही."

"मंग येवढ्या लोकांत माझंच कसं?"

"तुझं एकटीचं नाही, आजोबांचं पण."

"त्याचं काय सांगतेस, तो तर तंबाखूतच जन्माला आला."

मी हसले. ती नाही हसली. जरा वेळाने म्हणाली, "मी तोंड चांगलं खळखळून आली असती तर नसतं ना निघलं?"

"नसतं निघालं कदाचित."

"मंग बरं झालं असतं."

"नसतं झालं, आई. तू टेंपोत त्या सगळ्यांच्या मध्ये बसली असतीस."

आतून ताट सरकवल्याचा आवाज आला. भाकरी अर्धी खाल्लेली होती.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. सहा दिवस होता. आजोबांना खोकला झाला, रोह्याच्या दवाखान्यात चार दिवस ठेवावं लागलं. तिथून ते सुनेला रोज फोन करून डबी मागायचे, त्यावरून कळायचं की बरे आहेत. दोघेही उठले. टेंपो निघाला असता तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. कदाचित काहीच झालं नसतं. लोक मला हे अजूनही ऐकवतात. मी एवढंच म्हणते, की नशिबाने काही झालं नाही आणि आपण काळजी घेतली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसरी करायला शिकवलंय.

साधारण पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला.

"ताई, तुमचा फळा पुसला."

"कुणी?"

"सरांनीच. सोताच्या हातानं. नि परत लिवला. आदी थुकी लिवली हाय, मंग गुळनी." त्या थांबल्या. "अक्षर लय वाईट हाय. कुनाला वाचता येत नाय, मीच वाचून दाखवते."

सरांनी मला बोलावलं नाही. मी गेले नाही. पेणला गेले की त्यांच्या गल्लीवरून जाते, गणपतीत भेट झाली तर वाकून नमस्कार करते आणि ते डोक्यावर हात ठेवतात. त्या दिवसाबद्दल आम्ही बोललेलो नाही. मी त्यांची ऋणी आहे आणि त्यांना नाही म्हणाले. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींतलं एकही मी मागे घेणार नाही.

आता रोह्यात माझा छोटा दवाखाना आहे. एक खुर्ची, ती पण वापरलेली घेतलेली. आता थुंकीची तपासणी प्रत्येकाची होत नाही, गरजही नाही. पण सर्दी-खोकल्याच्या दिवसांत मी दारातच विचारते, ताप आहे का, घरात कुणी आजारी आहे का, आणि हो म्हटलं की तातडीचं नसेल तर आठ दिवसांनी बोलावते. खिडकी उघडी असते. पुडी समोर फोडते. "आता कसला कोरोना, डॉक्टर," असं म्हणत लोक हसतात. हसू देत. जे विषाणू थुंकीतून येतात त्यांना त्या साथीच्या वर्षाची गरज नसते. एकदा एक गृहस्थ चिडून म्हणाले, दुसरीकडे एवढं विचारत नाहीत. मी म्हणाले, मग दुसरीकडे जा. ते गेले. नंतर बायकोला घेऊन आले.

पण मला सांगायची आहे ती सकाळ याच्या आधीची. काकूंच्या त्या फोननंतर दोनेक महिन्यांनी, दवाखाना अजून रंगवून व्हायचा होता तेव्हा, मी कवळ्यांचं काम पुन्हा काढलं. या वेळी हॉल नाही, टेंपो नाही. गावच्या शाळेचा तोच व्हरांडा, मापं घ्यायला एका वेळी दोघंच. मापं घ्यायचे ट्रे माझ्याकडे नव्हते. काकू हमरापूरहून गाडीने निडीला उतरल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. सरांच्या दवाखान्यातले सगळे ट्रे होते, पुड्यांमध्ये बांधलेले, वाफेत निर्जंतुक केल्याच्या खुणेसकट. पुड्यांवरची गाठ काकूंची नव्हती.

"कुणी बांधल्या?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत," काकू म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

पुन्हा नमुने घ्यायचे होते. त्या सकाळी मी भीत भीतच शाळेत गेले. कोण येईल, याची खात्री नव्हती. व्हरांड्यात चौदा माणसं होती. गोधडी देणारी बाई होती. आजोबा होते, त्यांनी मी मागायच्या आधीच डबी टेबलावर आपटली. आणि सगळ्यांच्या पुढे, पहिल्या नंबरवर, आई.

आयुष्यात न धुतलेल्या तोंडाने ती कुणाच्या दारात उभी राहिली नव्हती. त्या दिवशी तिने सकाळपासून मिशरीला हात लावला नव्हता, पाण्याचा घोटही नाही. दात नेहमीसारखे काळे, ओठांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. केस विंचरलेले, लुगडं धुतलेलं, तोंड तेवढं आहे तसं. मागे दोनदा मिशरी लावून आलेल्या आजीने तिला कोपराने ढोसलं.

"तशीच आलीस गो? तोंडबिंड न धुता?"

आईने नळी माझ्या हातातून घेतली. या वेळी ती भिंतीकडे वळली नाही. सगळ्यांच्या समोर, सरळ बसून म्हणाली, "धुवायचं नाय. हाय तसं द्यायचं. माझी पोरगी डॉक्टर हाय, तिला बघू दे काय हाय ते."

आणि ती थुंकली.